उजवीकडून लावलेल्या खुंट्या

बायजाबाईची जर्मनची परात प्रेमिलानं एका दुपारी चाळणी करून टाकली, आणि खरं म्हणजे तिथूनच या गोष्टीला सुरुवात झाली. परात चांगली जाड ॲल्युमिनियमची होती, लग्नात आलेली, कणीक मळून मळून गुळगुळीत झालेली. प्रेमिलाला एक उथळ भांडं हवं होतं आणि ओट्यावर तेवढंच रिकामं होतं. तिनं त्यात फेरिक क्लोराईडचं पाणी ओतलं मात्र, परात फसफसायला लागली, तापली, वाफा सोडायला लागली. बायजाबाई मागच्या अंगणातून धावत येईपर्यंत तळाला भोकं पडून ते तपकिरी पाणी ओट्यावरून फरशीवर आणि फरशीवरून बायजाबाईच्या धुतलेल्या लुगड्यावर गेलं होतं.

“काहून वं, तुले माहीच परात सापडली?”

“माय, मले काय मालूम, जर्मनले हे चालत नाही म्हणून!”

“टेलिफोनात नौकरी करून राहिली, अन् एवढं मालूम नाही?”

प्रेमिलानं फडकं घेऊन फरशी पुसायला घेतली, आणि प्रेमिला गजभियेनं आपली चूक अशी मान्य करणं ही हुडकेश्वरच्या त्या गल्लीत क्वचितच घडणारी गोष्ट होती. आयटीआयमधून पास होऊन ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. तिच्या पगारावर तिनं हुडकेश्वरला घर भाड्यानं घेतलं आणि आईबापांना उमरेडहून आणलं. नागपुरात टीव्ही येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि ज्याला त्याला वाटत होतं की इलेक्ट्रॉनिक्स आपल्याला सहज जमेल. प्रेमिलाला नुसतं वाटत नव्हतं, तिला जमतही होतं, आणि हे ती कुणी न विचारताही सांगायची.

तिचं खरं वेड म्हणजे घरी रेडिओ बनवणं. रेडिओच्या पोटात ती तांब्याच्या रेघांची पाटी असते ना, सगळं दुखणं तिच्यापाशी होतं. बाजारात कोरी पाटी मिळायची, एका अंगाला तांब्याचा पातळ पत्रा आणि दुसऱ्या अंगाला साधी. तांब्यावर नेलपॉलिशनं रेघा काढायच्या आणि पाटी त्या तपकिरी पाण्यात बुडवायची. उघडं तांबं विरघळून जातं आणि नेलपॉलिशखालच्या रेघा तेवढ्या उरतात. मग केसाएवढ्या बारीक ड्रिलनं भोकं पाडायची, साध्या अंगानं सुट्या भागांचे पाय त्यांतून खाली घालायचे आणि तांब्यावर कथलाचा डाग द्यायचा. ऐकायला सोपं आहे. करताना नेलपॉलिश पसरतं, पाणी जिथे पडेल तिथे डाग ठेवतं, आणि ड्रिलची पाती तर अशी तुटतात की प्रेमिला धंतोलीच्या ज्या हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळात जायची तिथल्या रविंद्र नावाच्या एका सभासदाला सगळे ‘पातीतोड्या’च म्हणत.

परातीच्या दिवशी लुगड्यावरचा डाग घासता घासता प्रेमिलानं ठरवलं की पाण्याची ही भानगडच नको. नको असलेलं तांबं सरळ खरवडून काढायचं. एक बारीक फिरतं पातं, ते रेघेच्या जागी वर उचललं जाईल आणि बाकी ठिकाणी खाली टेकेल. असं यंत्र परदेशात असतं, हे तिनं मासिकात वाचलं होतं. चित्रात ते कपाटाएवढं होतं आणि त्याच्याशेजारी पांढरा कोट घातलेला माणूस उभा होता. प्रेमिलाला ते शिलाई मशीनच्या टेबलावर मावेल एवढं हवं होतं, आणि शेजारी उभं राहायला ती स्वतः होतीच. तीन प्रश्न होते. पातं दंतवैद्याकडचं टाकून दिलेलं मिळालं. मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची निघाली. पण पात्यानं कधी उचलायचं आणि कधी टेकायचं, हे पात्याला सांगणार कोण, यावर तिचं घोडं अडलं.

ते उत्तर तिच्या बापाजवळ होतं, आणि बापाला ते ठाऊक नव्हतं.

नत्थू गजभिये उमरेडचा विणकर. हातमागावर काठाच्या साड्या विणण्यात त्याचं आयुष्य गेलं. मग गिरणीचं कापड स्वस्त झालं, सोसायटीचं सूत यायचं थांबलं आणि माग बंद पडला. पोरीनं त्याला नागपूरला आणलं, दोन वेळचं जेवण, स्वच्छ धोतर, सगळं दिलं. पण शेजाऱ्यानं “काय करून राहिले, नत्थूजी?” असं विचारलं की तो म्हणायचा, “काही नाही गा, बसून राहिलो.” हे वाक्य प्रेमिलाला खुपायचं. महिन्यातून एकदोनदा नत्थू उमरेडची बस धरून जायचा. घर झाडून येतो म्हणायचा, पण झाडायचा तो माग.

एकदा तीही बरोबर गेली. नत्थू मागावरच्या डॉबीला तेल देत होता. डॉबी म्हणजे मागाच्या माथ्यावरची लाकडी पट्ट्यांची साखळी. पट्ट्यांना ओळीनं भोकं असतात आणि भोकांत खुंट्या बसवलेल्या असतात. पायाखालची पावडी दाबली की एक पट्टी पुढे येते. जिथे खुंटी आहे तिथला धागा उचलला जातो, जिथे भोक रिकामं आहे तिथला खालीच राहतो, आणि असं पट्टी पट्टीनं काठावर फूल उमलतं. प्रेमिला लहानपणापासून हे पाहत आली होती. त्या दिवशी मात्र तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उचल आणि टेकव, एवढंच तर तिच्या पात्याला सांगायचं होतं!

“बा, हा डॉबी मले देता का?”

नत्थूनं तेलाची कुपी खाली ठेवली. “अन् मागाचं काय?”

“मागाचं लाकूडही लागंन.”

नत्थू मागाच्या पाटावर जाऊन बसला. पावड्यांवर पाय ठेवून त्यानं त्या रिकाम्याच दाबून पाहिल्या. प्रेमिलाला वाटलं, आपण फार मोठं काही मागून बसलो. पण मागे घेईल ती प्रेमिला कसली!

“चालन का थे?” त्यानं विचारलं.

“चालन.”

“अन् नाही चाललं तं? मंग माग पन गेला अन् थे पन गेलं.”

“चालनच, बा. याच मागातून तुमाले रेडिओ बोलता करून दाखवतो मी.”

नत्थू उठला. कोपऱ्यातली करवत त्यानं स्वतःच काढली. “तू नोको कापू. तुह्या हातानं वाकडं कापल्या जाते.” आणि ज्या मागावर त्याच्या बापाचेही पाय झिजले होते, त्या मागाचा पहिला खांब त्यानं आपल्या हातानं कापला. कापून झाल्यावर तो बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. प्रेमिलानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला पाहवलं नाही.

ते लाकूड बसच्या टपावर चढवून नागपूरला आणताना कंडक्टर हटून बसला की एवढ्या सामानाचं वेगळं तिकीट लागेल. “सामान नाही गा थे,” नत्थू म्हणाला, “माहा माग हाये. आजवर यानं मले बसवलं, आज मी याले बसवून राहिलो.” कंडक्टरनं हात जोडले आणि घंटी मारली.

पावसाळा संपेपर्यंत मशीन उभं राहिलं. टेबलावर पट्ट्यांची साखळी, तिच्यावरून सरकणारं एक लाकडी बोट, आणि दोरीनं त्या बोटाला जोडलेलं पातं. बोट खुंटीवर चढलं की पातं उचललं जायचं, रिकाम्या भोकावर आलं की टेकायचं. दोरी एका मोठ्या आणि एका छोट्या चाकावरून नेली होती, म्हणून बोट खुंट्यांवरून वीतभर सरकलं की पातं तांब्यावर दोन बोटांच्या रुंदीएवढंच सरकायचं. टेबलाखाली मागाच्याच दोन पावड्या होत्या. एक दाबली की पातं जायचं, दुसरी दाबली की परत यायचं, पुढची पट्टी वर यायची आणि पाटी कणभर पुढे ढकलली जायची. पावड्यांवर नत्थूच बसायचा. त्याच्या पायांना काही शिकवावं लागलं नाही.

पहिल्या चाचणीला त्यानं काठातली चौफुली लावली. खटक-पटक, खटक-पटक करत अर्ध्या तासात तांब्यावर चार पाकळ्यांचं फूल उमटलं, कडा अशा साफ की बायजाबाईनं पदरानं पाटी पुसून पाहिली. “माह्या लुगड्यावर असं फूल कधी नाही आलं, अन् या टिनावर आलं,” ती म्हणाली. परातीचा राग त्या दिवशी निम्म्यानं तरी उतरला.

आता राहिलं मंडळ. धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळ भरायचं. सेक्रेटरी होते मधुसूदन पांढरीपांडे, वायरलेस खात्यातून रिटायर झालेले, हात इतका स्थिर की डाग देताना श्वास रोखतात की काय असं वाटावं. मंडळ वर्षाला एकच उपक्रम घ्यायचं आणि मग सगळे सभासद आपापल्या घरी तेच बनवायचे. प्रेमिलानं सरळ उभं राहून सांगितलं की यंदा सगळ्यांनी हे मशीन बनवायचं.

“हातानं रेघ मारल्यानं हात बसतो, प्रेमिला,” पांढरीपांडे म्हणाले. “मशीनवर काय बसणार?”

“मशीनवर बाकीचे बसतील, सर. तुमच्यासारखा हात कितीजणांचा असते? तोपर्यंत त्यायनं रेडिओच नाही बनवायचा काय?”

खोलीत खसखस पिकली. पांढरीपांडेही हसले, पण ते नियमाचे पक्के होते. येत्या रविवारी मशीन इथे आणायचं, सगळ्यांसमोर पाटी कापायची, सगळ्यांसमोर रेडिओ जोडायचा. वाजला तर यंदाचा उपक्रम हाच. नाही वाजला तर दरवर्षीप्रमाणे नेलपॉलिश. जोडायला मंडळाकडे आठ पायांची एक आयसी होती, मुंबईहून मागवलेली, एकुलती एक. “ही जळली तर दुसरी यायला दिवाळी उजाडेल,” त्यांनी बजावलं.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा नत्थू वेगळंच विचारत बसला. “म्हणजे त्या सगळ्यायले डॉबी लागन?”

“हाव. उमरेडात घरोघरी पडून हायेत ना बंद मागावर.”

“अन् खुंट्या लावाले कोण शिकवन?”

“तुमीच. दुसरं कोणाले येते?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूनं दाढी केली, तो ठेवणीतलं धोतर नेसला आणि ओसरीवर पट्ट्या पसरून बसला. शेजाऱ्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, “काय करून राहिले, नत्थूजी?” नत्थूनं मान वर न करता सांगितलं, “काम करून राहिलो, गा.” प्रेमिला आत चहा गाळत होती. गाळणं तिच्या हातात तसंच राहिलं. रविवारी काय काय पणाला लागलं आहे हे तिला तेव्हा पुरतं कळलं.

चौकटीच्या कागदावर तिनं रेडिओचा नकाशा काढून दिला, तांब्याच्या अंगानं पाहिल्यावर दिसेल तसा. नत्थू कागद पाहून पट्टी पट्टीनं खुंट्या ठोकत गेला. तिची त्या आठवड्यात एक्स्चेंजमध्ये दुपारपाळी होती. घरी यायची तेव्हा पट्ट्या गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. उघडून तपासाव्या असं तिच्या मनातही आलं नाही. बापानं लावलेली चौफुली हुबेहूब आली होती की!

रविवारी वाचनालयाची मागची खोली खचाखच भरली. नत्थू पावड्यांवर बसला. आजूबाजूला पँटबुशर्टातली माणसं आणि मध्ये धोतरातला तो, पण पहिली पावडी दाबल्यावर त्याला कुणी दिसेनासं झालं. खटक-पटक सुरू झालं. पातं सरकत होतं, तांब्याचा चुरा उडत होता आणि पाटीवर रेघा उमटत होत्या. रविंद्रनं तर खाली वाकून पाटीला नाकच लावलं. “अबे, हे तं छापून राहिलं!” तो ओरडला. शेवटची पट्टी गेली, प्रेमिलानं पाटी सोडवून हातरुमालानं पुसली आणि अशा थाटात पांढरीपांड्यांच्या हातावर ठेवली, जसं काही आपण विश्वकरंडकच देतो आहोत. टाळ्या पडल्या. रविंद्रनं भोकं पाडायला आपला ड्रिल सरसावला.

“थांब जरा,” पांढरीपांडे म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाटी डोळ्यांजवळ नेली, मग आयसी तिच्याशेजारी धरली. आयसीला एका टोकाला खाच असते, तिच्यावरून पहिला पाय कुठला ते कळतं. त्यांनी एकदा पाटी पाहिली, एकदा प्रेमिलाचा कागद पाहिला.

“प्रेमिला, हे उलटं झालंय गं. आरशात दिसावं तसं. डावीकडचं सगळं उजवीकडे आहे. पहिल्या पायाच्या जागी आठवा येतो. अशी बसवली तर आयसी जळेल.” त्यांच्या आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता. उलट त्यांना वाईटच वाटत होतं, आणि ते प्रेमिलाला जास्त लागलं.

तिनं पाटी ओढून घेतली. खरंच होतं. तिनं साखळीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बा, खुंट्या कोणीकडून लावल्या तुमी?”

“उजवीकडून,” नत्थू म्हणाला. “आमी उजवीकडूनच लावतो. कापडाची खरी बाजू मागावर खाली राहते ना. वरून विणणाऱ्याले उलटीच दिसते. म्हणून...” बोलता बोलता त्याला कळलं की इथे पातं वरच्याच बाजूला कापतं. चौफुलीला डावं काय आणि उजवं काय, उलटी केली तरी ती चौफुलीच. आयुष्यभर त्यानं फुलं विणली होती आणि फुलांनी त्याला कधी पकडलं नव्हतं. पावडीवरचे पाय त्यानं हळूच काढून घेतले. “मी बिघडवलं,” तो म्हणाला.

पट्ट्या पुन्हा लावायच्या तर अख्खा दिवस जाणार, मंडळ तर जेवणवेळेला उठणार. रविंद्रनं सुचवलं की आयसी उताणी झोपवून तिचे पाय वर वळवावेत. “वळवताना एक पाय तुटला की संपलं,” पांढरीपांडे म्हणाले, “आणि बाकीच्या भागांचं काय करशील?” ते खरं होतं. प्रेमिलाला आधी बापाचा राग आला, कडकडून आला, मग स्वतःचा आला. चार दिवस पट्ट्या घरात होत्या आणि आपण एकदाही उलगडून पाहिल्या नाहीत! एवढा गर्व कशाचा? आणि समोर नत्थू असा बसला होता, जसा तो हुडकेश्वरच्या ओसरीवर बसायचा, हात मांडीवर ठेवून. आता याला कुणी विचारलं तर पुन्हा म्हणेल, बसून राहिलो. ते तिला सहन होईना.

खरी बाजू खाली राहते. बापाचं ते वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं. लहानपणी उन्हाळ्यात ती मागाखालच्या गार मातीत जाऊन बसायची. बाप वर विणायचा आणि त्याला उलटी बाजू दिसायची. खालून वर पाहणाऱ्या तिला मात्र काठाची खरी फुलं दिसायची. एकच कापड, एकच फूल. कोण कुठल्या अंगानं पाहतो, एवढाच काय तो फरक.

तिनं पाटी टेबलावर ठेवली, तांबं वर करून. मग आयसी उचलून तांब्यावरच ठेवली, सरळ, पाय खाली. पहिला पाय पहिल्या पायाच्या जागी बरोबर बसला. दुसरा दुसऱ्याच्या. आठही.

“सर,” ती म्हणाली, “भाग पाटीच्या साध्याच बाजूनं लावायचे, असं कोणी सांगतलं?”

“म्हणजे? पाय भोकांतून खाली...” पांढरीपांडे बोलता बोलता थांबले. ते वाकले. आयसीच्या खाचेवर बोट ठेवून त्यांनी पाय मोजले आणि मग प्रेमिलाकडे असे पाहत राहिले की तिला हसूच आलं.

“पाटी उलटी झाली ना? मंग आपण पन उलट्या बाजूनं लावू. तांब्यावरच. पाय आखूड कापायचे, रेघेवर आडवे टेकवायचे अन् तिथंच डाग द्यायचा. सगळं समोर दिसते. चुकलं तं तिथंच सुधरवता येते.”

“आणि भोकं?” रविंद्रनं विचारलं. त्याच्या हातातला ड्रिल अजून तसाच रोखलेला होता.

“कशाले पाहिजेत भोकं? काही खालून घालायचंच नाही तं भोकं कशाले?”

हे ऐकून एकदम सगळे बोलायला लागले. भोकं नाहीत म्हणजे ड्रिल नाही. ड्रिल नाही म्हणजे तुटलेली पाती नाहीत, टेबलाला पडलेली भोकं नाहीत, बोटाला झालेल्या जखमा नाहीत. निम्मं काम गेलं आणि गेलं तेही नेमकं तेच, जे सगळ्यांना नकोसं होतं. रविंद्रनं मुकाट्यानं ड्रिल पिशवीत घातला.

पांढरीपांड्यांनी पाटी धरली, प्रेमिलानं डाग दिले. त्यांचा हात हलत नव्हता आणि तिचा आज हलणार नव्हता. आयसी, मग बाकीचे सुटे भाग, मग तारेचं वेटोळं, शेवटी छोटा स्पीकर. सगळे दाटीवाटीनं टेबलाभोवती उभे होते. फक्त नत्थू जागचा हलला नाही. तो मशीनजवळच बसून होता, टेबलाकडे पाठ करून, आणि सेल जोडताना प्रेमिलानं पाहिलं तेव्हा तो एकेक खुंटी उपटून हातात गोळा करत होता.

तिनं बटण फिरवलं. आधी नुसती खरखर आली. तिनं वेटोळं जरा फिरवलं, आणि त्या खरखरीतून एका बाईचा स्वच्छ आवाज खोलीभर पसरला, “हे आकाशवाणीचं नागपूर केंद्र आहे.”

नत्थूचे हात थांबले. तो वळला, पण उठला नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, ओंजळ खुंट्यांनी भरलेली होती. गलक्यातून वाट काढत प्रेमिला त्याच्यापाशी गेली आणि खाली बसली.

“ऐकून राहिले ना, बा? तुमचा माग बोलून राहिला.”

“हाव,” तो म्हणाला. मग घाईघाईनं, “मी काढून राहिलो खुंट्या. आता डावीकडून लावतो, बरोबर. पुन्हा चूक नाही होणार.”

“हात नोका लावू त्याले!” प्रेमिला एवढ्या जोरानं ओरडली की रेडिओजवळची माणसंही वळून पाहू लागली. “एकही खुंटी इकडची तिकडे करायची नाही. जशा होत्या तशाच पाहिजेत.”

पांढरीपांडे माणसांतून पुढे आले. उपक्रम जाहीर करायचं राहिलंच होतं, पण ते आठवण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, तेही नव्हते. पँट किंचित वर ओढून ते नत्थूसमोर फरशीवर मांडी घालून बसले आणि साखळीतली एक मोकळी झालेली पट्टी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

“नत्थूजी, मला शिकवा,” ते म्हणाले. “उमरेडला असे डॉबी आणखी किती मिळतील, ते मग बोलू. आधी हे शिकवा.”

नत्थूनं ओंजळीतली एक खुंटी त्यांना दिली. पांढरीपांड्यांनी ती पट्टीच्या डाव्या टोकाच्या भोकावर टेकवली आणि ठोकायला हात उचलला.

“तिकडून नाही, साहेब,” नत्थूनं त्यांचं मनगट धरलं. त्याच्या आवाजात आता कसलीही घाई नव्हती. “उजवीकडून. आमच्यात उजवीकडूनच लावते.”

पांढरीपांड्यांनी खुंटी काढली आणि उजवीकडे लावली.